वाचकांचे प्रश्न : स्टॅबिलायझरची टकटक आणि बंद पडणारा संगणक

उन्हाळा लागला आणि विहिरींवरच्या मोटारी रात्रंदिवस चालू लागल्या, की या सदराकडे येणाऱ्या पत्रांत एकच विषय असतो. या वेळी निवडलेले चारही प्रश्न घरगुती संगणक, त्याचा स्टॅबिलायझर आणि त्याला मिळणारी वीज यांच्याविषयीचे आहेत. पहिल्या प्रश्नाचे उत्तर जाणूनबुजून लांब दिले आहे, कारण तशी तक्रार करणारी पत्रे सर्वांत जास्त आली आहेत.

प्रश्न (निपाणी तालुक्यातील एक वाचक) : आमचे घर टीसीपासून, म्हणजे गावच्या ट्रान्सफॉर्मरपासून, निघालेल्या लाइनीच्या शेवटच्या खांबावर आहे. मुलगी घरीच संगणकावर डीटीपीचे काम करते. संगणकासाठी पाच वर्षांपूर्वी घेतलेला ५०० व्हीए क्षमतेचा, रिलेचा स्टॅबिलायझर आहे. त्यावर ‘इनपुट १७० ते २७०, आउटपुट २०० ते २४०’ असे छापलेले आहे. शेतीची थ्री फेज आली की तो टकटक करू लागतो आणि दोन-चार वेळा असे झाले की संगणक बंद होऊन आपोआप पुन्हा सुरू होतो. केलेले काम जाते. स्टॅबिलायझरवरच्या मीटरचा काटा मात्र २२० वरून हलत नाही. मेकॅनिकने आतला संपूर्ण बोर्ड बदलायला सांगितले आहे. बोर्ड बदलावा की नवा स्टॅबिलायझर घ्यावा?

उत्तर : तूर्त दोन्हीही करू नये. खांबावरून आलेली लाइन, मधला स्टॅबिलायझर आणि संगणकाच्या पेटीतला पॉवर सप्लाय, ज्याला दुकानात एसएमपीएस म्हणतात, अशा तीन ठिकाणी दोष असू शकतो. या तिघांपैकी आवाज करणारा एकटा स्टॅबिलायझर असल्यामुळे आळ नेहमी त्याच्यावरच येतो. खरे पाहता ‘टक्’ हा आवाज म्हणजे तो काम करीत असल्याची खूण आहे. आत एकाच गुंडाळीचा ट्रान्सफॉर्मर असतो आणि त्या गुंडाळीतून ठिकठिकाणी तारा बाहेर काढलेल्या असतात. लाइनचे व्होल्टेज खाली गेले की एक रिले, म्हणजे विद्युतचुंबकाने ओढला जाणारा छोटा स्विच, एका तारेवरून दुसऱ्या तारेवर जाते आणि आउटपुट एका पायरीने वर चढते. व्होल्टेज वर गेले की याच्या उलट घडते. त्यामुळे रिलेच्या स्टॅबिलायझरमधून २३० व्होल्ट कायम मिळतील ही अपेक्षाच चुकीची आहे. दोन पायऱ्यांच्या मध्ये आउटपुट २०० ते २४० च्या दरम्यान खालीवर होणारच.

आता प्रत्यक्ष तपासणीकडे वळू. मीटरचा काटा बाजूला ठेवावा, कारण तो अडकलेला असू शकतो. काचेवर बोटाने हलकेच टिचकी मारून पाहिल्यास कित्येकदा तो जागचा हलतो. त्याऐवजी एक साधा डिजिटल मल्टिमीटर आणि शंभर किंवा दोनशे वॅटचा तारेचा जुना बल्ब मिळवावा. संगणकाचा प्लग काढून त्याच्या जागी बल्ब लावावा आणि थ्री फेज आलेली असताना, म्हणजे नेमक्या त्रासाच्या वेळी, भिंतीवरच्या सॉकेटमधील व स्टॅबिलायझरच्या आउटपुटमधील व्होल्टेज एकापाठोपाठ एक मोजून वहीत मांडावे. मीटर एसीच्या ७५० किंवा ६०० व्होल्टच्या घरावर ठेवावा, पायात चप्पल असावी आणि मीटरच्या वायरींचे आवरण फाटलेले नसावे. बल्ब लावण्याचे कारण असे की भार नसताना बिघडलेला स्टॅबिलायझरही सरळ वागतो.

या दोन आकड्यांच्या जोडीतून बरेच काही कळते. आत, म्हणजे भिंतीवर, १७५ आणि बाहेर, म्हणजे आउटपुटला, २०५ ते २१० मिळत असतील, तर स्टॅबिलायझर ठीक आहे. आत १७५ आणि बाहेरही १७५ च असतील, तर व्होल्टेज वाढवणारी रिले ओढली जात नाही. तिसरी जोडी मात्र धोक्याची आहे. पहाटे लाइन चांगली असताना आत २४० आणि बाहेर २८५ च्या आसपास दिसले, तर व्होल्टेज वाढवणाऱ्या रिलेचे संपर्क एकमेकांना चिकटून बसले आहेत असे समजावे आणि तो स्टॅबिलायझर त्याच क्षणी वापरातून काढावा. अशा स्टॅबिलायझरपेक्षा नुसती लाइन बरी. भिंतीवरच १५० किंवा त्याहून कमी मिळत असतील, तर स्टॅबिलायझरवर छापलेल्या मर्यादेच्या बाहेरची ती गोष्ट आहे आणि बोर्ड बदलून काहीही साधणार नाही.

एवढ्यावर न थांबता वायरमनकडून आणखी एक मोजमाप करून घ्यावे. घराच्या विजेच्या मीटरपाशी किती व्होल्टेज आहे आणि त्याच वेळी संगणकाच्या खोलीत किती आहे, हे पाहावे. मीटरपाशी १९५ आणि खोलीत १७२ असा फरक निघाला, तर ते २३ व्होल्ट आपल्याच घराच्या वायरिंगमध्ये हरवत आहेत. त्या वेळी घरात सहा अँपिअर करंट वाहत असेल, तर २३ गुणिले ६ म्हणजे १३८ वॅट उष्णता कुठेतरी भिंतीत किंवा एखाद्या टेप गुंडाळलेल्या जोडात साठते आहे, जुन्या शंभरच्या बल्बपेक्षाही जास्त. जुन्या घरांत नवी खोली चढवताना अशी अर्धवट पिळलेली जोडणी हमखास राहून जाते. स्विचबोर्डाचे झाकण कोमट लागणे, जळक्या बॅकेलाइटचा वास येणे, पंखा लावताच स्टॅबिलायझर टक् करणे ही त्याची लक्षणे आहेत. हा दोष आगीला आमंत्रण देणारा असल्यामुळे संगणकाच्या आधी तो दूर करावा.

स्टॅबिलायझरच्या आवाजाकडेही जरा कान देऊन लक्ष द्यावे. लाइन खालीवर होत असताना येणारी टक् स्पष्ट आणि सुटी असते. त्याऐवजी माशी बाटलीत अडकल्यासारखी सलग घरघर येत असेल, तर बहुधा कंट्रोल बोर्डावरील फिल्टर कपॅसिटर सुकलेला असतो. त्या बोर्डाला लागणारे सुमारे १२ व्होल्टचे डीसी याच कपॅसिटरमुळे सपाट राहते. तो सुकला की त्यात सेकंदाला शंभर लाटा उठतात आणि रिलेला ओढावे की सोडावे हेच कळत नाही. चार-पाच वर्षे ट्रान्सफॉर्मरच्या उबेत बसलेला कपॅसिटर सुकणे यात नवल काहीच नाही. तो बदलताना मायक्रोफॅरड तेवढेच, व्होल्ट तेवढे किंवा अधिक आणि अधिक-उणे टोके जशीच्या तशी ठेवावी लागतात.

गेल्या उन्हाळ्यात चिकोडीकडून आलेला असाच एक स्टॅबिलायझर मी टेबलावर उघडला होता. त्यालाही ‘बोर्ड गेला’ असा शेरा मिळालेला होता. आत सुपारीएवढ्या निळ्या डब्यांसारख्या तीन रिले होत्या. मधल्या रिलेची टोपी ब्लेडने अलगद उचलली, तर ज्वारीच्या दाण्याएवढ्या दोन संपर्कांपैकी एकावर काळा खड्डा पडलेला होता आणि त्या खड्ड्याच्या कडेला एक जळलेली लाल मुंगी चिकटलेली होती. बोर्ड शाबूत होता. तेवढीच रिले बदलली आणि काम झाले. नवी रिले घेताना कॉइल जुन्याइतक्याच व्होल्टची, संपर्क जुन्याइतक्या किंवा अधिक अँपिअरचे आणि पायांची मांडणी तीच आहे ना, हे पाहावे लागते. संपर्क पॉलिश कागदाने घासून देणारे कारागीर आहेत, पण वरचा पातळ मुलामा त्यात निघून जातो आणि महिनाभरात तक्रार परत येते.

मेकॅनिकला दोन गोष्टी आवर्जून सांगाव्यात. बोर्डावरचे लहान प्रीसेट स्क्रू-ड्रायव्हरने फिरवून आकडा ‘बरोबर’ करून देऊ नये. कोणत्या व्होल्टेजला कोणती रिले ओढावी हे त्या प्रीसेटवर ठरते आणि हातात व्हेरिअॅक, म्हणजे व्होल्टेज हवे तसे कमीजास्त करता येणारा ट्रान्सफॉर्मर, नसेल तर ते केवळ अंदाजाने लागणार. दुसरे असे की दुरुस्तीनंतर स्टॅबिलायझर थेट लाइनला न जोडता शंभर वॅटच्या सिरीज बल्बमधून, म्हणजे लाइनच्या वाटेत मध्येच जोडलेल्या बल्बमधून, जोडावा. आउटपुटला काहीही लावलेले नसताना बल्ब क्षणभर चमकून मंद झाला तर ठीक. तो पूर्ण पेटून राहिला, तर ट्रान्सफॉर्मरच्या गुंडाळीत किंवा जोडणीत शॉर्ट आहे. स्टॅबिलायझर आपण स्वतः उघडू नये हे वेगळे सांगायला नको. त्यातला ट्रान्सफॉर्मर लाइनपासून विलग नसतो, त्यामुळे प्लग लावलेला असताना आतल्या ‘कमी व्होल्टेज’च्या बोर्डालासुद्धा हात लावणे जिवावर बेतू शकते.

आता असे समजू की सर्व आकडे नीट आले आणि बल्ब न विझता चालू राहिला. तरीही संगणक बंद पडतो. मग दोष कुणाचा? आपल्या पत्रातील वर्णनावरून माझा संशय इथेच आहे. एका तारेवरून दुसऱ्या तारेवर उडी मारताना रिलेचे टोक काही मिलिसेकंद अधांतरी असते आणि तेवढा वेळ संगणकाला वीज मिळत नाही. बल्बची तार तेवढ्यात थंड होत नाही, म्हणून आपल्याला फक्त डोळा मिचकावल्यासारखे दिसते. एसएमपीएसमधल्या मोठ्या कपॅसिटरने हा खंड भरून काढायचा असतो. चांगल्या एसएमपीएसने पूर्ण भारावर सुमारे १६ ते १७ मिलिसेकंद तग धरावा अशी अपेक्षा असते. लाइनचे एक आवर्तन २० मिलिसेकंदांचे, म्हणजे जवळजवळ एक आवर्तन. एसएमपीएस जुना झाला की त्या कपॅसिटरची साठवण घटते आणि एके काळी सहज पचणारी टक् आता पचत नाही. त्यातच साठवलेली ऊर्जा व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात असते. रिले बदलते ती वेळच आउटपुट तळाला, समजा २०० ला, गेल्याची असते. तेव्हा साध्या बनावटीच्या एसएमपीएसमध्ये २३० च्या तुलनेने जेमतेम पाऊण ऊर्जा शिल्लक असते. थ्री फेज आल्यावरच संगणक का दगा देतो, याचे उत्तर यात आहे.

खात्री करणे सोपे आहे. त्याच स्टॅबिलायझरवर, त्याच वेळी, शेजाऱ्यांचा किंवा दुकानातला दुसरा संगणक तासभर चालवून पाहावा. तो तगला तर एसएमपीएस बदलावा. तोही पडला तर रिले ढिली झाली आहे. लॅपटॉपवर ही परीक्षा घेऊ नये, कारण त्याची बॅटरी सगळे झाकून टाकते. एसएमपीएस घेताना त्यावर छापलेली इनपुटची मर्यादा वाचावी. १०० ते २४० व्होल्ट असे छापलेला, अॅक्टिव्ह पीएफसी (लाइनमधून करंट समप्रमाणात ओढणारे आतले सर्किट) असलेला एसएमपीएस १७० व्होल्टवरही निमूट चालतो आणि मग स्टॅबिलायझरची गरजच उरते की नाही, हा प्रश्न पडतो. काही स्वस्त एसएमपीएसची मर्यादा मात्र १८० पासून सुरू होते. पेटीच्या मागे ११५/२३० असा लाल खटका असेल, तर कमी व्होल्टेजवर उपाय म्हणून तो ११५ वर कधीही ढकलू नये. लाइन सुधारली की त्याच क्षणी मोठा आवाज होईल.

प्रश्न (वडगाव, बेळगाव येथील एक वाचक) : शेजारच्या घरात पाण्याची मोटर सुरू झाली की आमच्या घरातले बल्ब मंद होण्याऐवजी भगभगतात. त्याच वेळी संगणकाचा स्टॅबिलायझर २८० दाखवून आउटपुट कट करतो. आमच्या भागात यंत्रमागांमुळे तंतूंची धूळ फार असते. तीच आत जाऊन स्टॅबिलायझर बिघडला असेल का?

उत्तर : धूळ आत गेली असेलच, पण इथे बिघडलेले आहे ते न्यूट्रल. हा अंक हाती पडेपर्यंत दोष तसाच असल्यास आधी मेन स्विच बंद करावा आणि मग पुढे वाचावे.

खांबावरून आलेल्या तीन फेजांना मिळून एकच न्यूट्रल असतो. आपले घर एका फेजवर आणि शेजारचे दुसऱ्या फेजवर असून खांबावरचा किंवा टीसीपाशी असलेला न्यूट्रलचा जोड सुटला, की दोन्ही घरे दोन फेजांमधल्या सुमारे ४०० व्होल्टवर एकामागे एक जोडल्यासारखी होतात. मग ज्या घरात भार जास्त त्याच्या वाट्याला व्होल्टेज कमी आणि ज्या घरात दोन बल्ब व एक संगणक, त्याच्या वाट्याला उरलेले सगळे. शेजारची मोटर सुरू होताच आपल्याकडे २८० दिसतात ते यामुळे. भार आणखी असमान झाला तर ते ३५० च्याही पुढे जाऊ शकतात. घराच्या आतला न्यूट्रल सैल असता तर आपले दिवे मंद झाले असते. ते प्रखर होतात म्हणजे जोड बाहेर सुटला आहे.

आपल्या स्टॅबिलायझरने आउटपुट तोडले हे त्याने योग्यच केले. ‘सारखा कट होतो’ म्हणून त्याचा बायपास करून घेऊ नये. घरात जी यंत्रे त्याच्याविना जोडलेली आहेत, म्हणजे टीव्ही, फ्रिज, मोबाइलचे चार्जर, त्यांना अजून कोणताही आडोसा नाही. वीज कंपनीच्या १९१२ या क्रमांकावर तक्रार नोंदवताना बिलावरचा आर. आर. नंबर जवळ ठेवावा आणि ‘व्होल्टेज जास्त येते’ एवढेच न सांगता ‘न्यूट्रल सुटला आहे’ असे स्पष्ट सांगावे. लाइनमनला कन्नडमध्ये सांगायचे झाले तरी ‘न्यूट्रल कट’ हे दोन शब्द पुरतात. गल्लीतल्या इतरांनाही लगेच कळवावे.

प्रश्न (खानापूर तालुक्यातील एक वाचक) : संगणकाच्या लोखंडी पेटीला हात लागला की झिणझिण्या येतात. पावसाळ्यात हा त्रास नसतो, होळीनंतर सुरू होतो. स्टॅबिलायझर बदलून पाहिला, उपयोग झाला नाही. घराला अर्थिंग केलेले आहे.

उत्तर : स्टॅबिलायझरचा यात काही संबंध नव्हता, तो खर्च टळला असता. एसएमपीएसच्या तोंडाशी असलेले दोन छोटे कपॅसिटर लाइनमधला कर्कश गोंगाट अर्थिंगकडे सोडतात आणि त्यांतून अगदी थोडा करंट पेटीपर्यंत येतो. अर्थिंगची वायरच तुटलेली असली, तर पेटीवर लाइनच्या निम्मे, म्हणजे ११५ च्या आसपास व्होल्टेज मीटरला दिसते आणि झिणझिण्या येतात. बहुतेक पत्रांना मी एवढेच उत्तर देऊन थांबतो.

आपल्या पत्रातील ‘होळीनंतर’ हा शब्द मात्र मला थांबू देत नाही. एसएमपीएसचा करंट इतका किरकोळ असतो की कामचलाऊ अर्थिंगही तो सहज गिळते. जांभ्या दगडाची जमीन उन्हाळ्यात कोरडी पडून अर्थिंग कमजोर झाले, तरी एवढ्याशा करंटने पेटीवर जाणवण्याइतके व्होल्टेज उभे राहू नये. ते राहते याचा अर्थ एकतर खड्ड्यातला जोड गंजून जवळजवळ तुटला आहे आणि तो फक्त ओल्या मातीमुळे चालत होता, किंवा घरातले दुसरेच एखादे यंत्र, विहिरीची मोटर किंवा पाणी तापवण्याचा हीटर, त्याच अर्थिंगमध्ये भरपूर करंट सोडत आहे. पावसाळ्यात ओली जमीन तो पिऊन टाकते. उन्हाळ्यात तो जिरत नाही आणि अर्थिंगला जोडलेल्या प्रत्येक वस्तूवर, संगणकाच्या पेटीवरही, चढतो.

ओळखण्याची रीत अशी. संगणक आणि स्टॅबिलायझर दोन्हींचे प्लग भिंतीतून काढून ठेवावेत आणि वायरमनकडून सॉकेटच्या अर्थ व न्यूट्रलमधले व्होल्टेज मोजून घ्यावे. दोन-तीन व्होल्टपर्यंत काळजी नाही. चाळीस-पन्नास दिसले, तर मोटर, हीटर, फ्रिज असे एकेक यंत्र प्लगमधूनच काढत जावे. नुसता स्विच बंद करून भागत नाही, कारण तो चुकीने न्यूट्रलवर बसवलेला असू शकतो. ज्याचा प्लग काढताच आकडा कोसळेल, ते यंत्र दुरुस्त होईपर्यंत वापरू नये. अर्थिंगच्या खड्ड्यात दर आठवड्याला दोन-तीन बादल्या पाणी घालणे हा उपाय जुना असला तरी खरा आहे; पण गळती शोधल्याशिवाय नुसते पाणी घालत बसल्यास दोष झाकला जाईल. त्या जोडीला ३० मिलिअँपिअरचा आर.सी.सी.बी., म्हणजे करंटची गळती होताच वीज तोडणारा स्विच, मेनवर बसवून घ्यावा. तो वारंवार पडू लागला तर त्याला नावे ठेवून काढून टाकू नये.

प्रश्न (चिकोडी येथील एक वाचक) : संगणकासाठी यूपीएस घेतला आहे. जुना स्टॅबिलायझर त्याच्या आधी लावावा की नंतर?

उत्तर : नंतर तर मुळीच नाही. घरगुती यूपीएस बॅटरीवर गेला की त्याचे आउटपुट लाइनसारखे गोलाईदार नसून बहुधा पायऱ्यापायऱ्यांचे असते आणि त्यावर स्टॅबिलायझरचा ट्रान्सफॉर्मर गुरगुरतो व तापतो. आधी लावण्याचीही सहसा गरज नसते, कारण ‘लाइन इंटरअॅक्टिव्ह’ असे छापलेल्या यूपीएसमध्ये व्होल्टेज चढवणारी-उतरवणारी रिले आतच असते. दोघांच्या रिले एकामागून एक टकटक करीत बसतात, एवढेच होते. लाइन इतकी खाली जात असेल की यूपीएस दुपारभर बॅटरीवरच राहून ती रिकामी होते, तरच स्टॅबिलायझर त्याच्या आधी लावावा. लेझर प्रिंटर यूपीएसवर घेऊ नये, तो थेट भिंतीतून चालवावा. आणि यूपीएस लावूनही लाइन जाताच संगणक पुन्हा सुरू होत असेल, तर निपाणीच्या वाचकांना एसएमपीएसविषयी जे लिहिले आहे ते आपल्यालाही लागू आहे, कारण यूपीएसलाही बॅटरीवर जायला काही मिलिसेकंद लागतातच.